धागा: वळीव, पोटॅशचं पोतं आणि गायगर काउंटर – किरणोत्सर्ग शाळेत कसा दाखवावा?

सुरंगी (धागाकर्ती)

नववी-दहावीच्या मुलांना किरणोत्सर्ग प्रत्यक्ष मोजून दाखवायचा आहे. शाळा सिंधुदुर्गात, समुद्रापासून दोनेक किलोमीटरवर. परवाना लागेल असा कुठलाही स्रोत वापरायचा नाही. हाताशी आहे ते एवढंच: जीएम (गायगर-म्युलर) काउंटरचा जोडलेला किट, त्यात किरण टिपणारी एसबीएम-२० नळी, आणि एक पॉवर बँक.

१. काउंटर एका मिनिटात १४ दाखवतो, पुढच्या मिनिटात २७. बिघडलाय का?
२. बाजारात किंवा बागेत सहज मिळणारी, मोजता येईल एवढी किरणोत्सारी वस्तू कोणती?
३. अर्धायुष्य खरंच घटताना दिसेल असं काही एका दुपारीत होण्यासारखं आहे का?
४. रत्नागिरीची काळी वाळू आणून ठेवली तर उपयोग होईल का?

जैतापूरवर इथे बोलू नये ही विनंती. त्याचे धागे वेगळे आहेत आणि तिथे अजून कुणी दमलेलं नाही.

जांभाचिरा

पहिल्याचं उत्तर: काउंटर ठणठणीत आहे. सरासरी २० असेल तर त्याचं वर्गमूळ साधारण ४.५, आणि आकडा सहज एवढा खालीवर होतो. १४ आणि २७ दोन्ही त्याच्या दुपटीच्या आत आहेत. उलट दर मिनिटाला बरोबर २० आले असते तर संशय घ्यायला हवा होता.

यावर उपाय म्हणजे जास्त वेळ मोजणं. १० मिनिटांत २०० नोंदी आल्या तर चूक १४ ची (२०० चं वर्गमूळ), म्हणजे मिनिटाला २० ± १.४. वेळ चौपट केली की चूक निम्मी होते. किटच्या पडद्यावरचा दर सेकंदाला हलणारा आकडा मुलांना दाखवायचाच नाही, एकूण नोंदी आणि घड्याळ एवढंच वहीत.

आकडा असा उड्या का मारतो हेच खरं तर पहिलं प्रकरण आहे. अस्थिर अणुकेंद्रक म्हातारं होत नाही. पृथ्वी जन्मायच्या आधीपासूनचं पोटॅशियम-४० चं केंद्रक 'आता फार दिवस झाले' म्हणून लवकर ढळत नाही. पुढच्या सेकंदाला ढळायची शक्यता कालही तेवढीच होती, आजही तेवढीच. तापवा, थिजवा, आम्लात घाला, तिच्यात फरक पडत नाही. एकाचं भाकीत करता येत नाही, पण कोट्यवधींच्या जमावाचं नेमकं करता येतं, आणि जमाव निम्मा व्हायला लागणारा वेळ म्हणजे अर्धायुष्य.

हिशोब करून बघा. १ ग्रॅम साध्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० फक्त ०.०११७ टक्के. तरी त्याचे अणू भरतात १८ पुढे १७ शून्यं इतके. अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. ०.६९३ ला अर्धायुष्याच्या सेकंदांनी भागा आणि अणूंच्या संख्येने गुणा. उत्तर येतं सेकंदाला साधारण ३१. एवढ्या गर्दीतून सेकंदाला ३१ जण उठून जातात. एक केंद्रक ढळणं म्हणजे एक ऱ्हास, आणि सेकंदाला एक ऱ्हास म्हणजे १ बेक्वेरेल. जुनं एकक क्युरी, म्हणजे ३,७०० कोटी बेक्वेरेल. बेक्वेरेलचे आकडे वाचून घाबरायचं नाही ते याचसाठी.

काजूबोंड

मगे केळी खावची की नाय ता सांगा आधी.

जांभाचिरा

खा. एका केळ्यात पोटॅशियम अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १५ बेक्वेरेल. खाणाऱ्याच्या अंगात आधीच सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम आहे, म्हणजे चार हजारांवर बेक्वेरेल. शिवाय शरीर पोटॅशियमची पातळी धरून ठेवतं, जास्तीचं लघवीवाटे जातं. केळ्यांनी साठा वाढत नाही.

माडापोफळी

दुसऱ्या प्रश्नासाठी बागायतदाराकडे जायचं. माडाला घालतात ते पोटॅश, म्युरेट ऑफ पोटॅश. पोत्यावर ६० टक्के लिहिलेलं असतं, पण ती टक्केवारी पोटॅशियम ऑक्साइडची. ०.८३ ने गुणलं की निव्वळ पोटॅशियम जवळपास ५० टक्के. ५० किलोच्या पोत्यात २५ किलो पोटॅशियम, म्हणजे सुमारे पावणेआठ लाख बेक्वेरेल. आकडा ऐकून वर्ग जागा होतो, मग वरचा 'सेकंदाला ३१' चा हिशोब करायला लावायचा.

प्रयोगाला १०० ग्रॅम पुरे. पण ढीग करून त्यावर नळी ठेवली तर फारसं काही दिसत नाही आणि मुलं म्हणतात काहीच नाही. कारण असं: पोटॅशियम-४० चे शंभरातले ८९ ऱ्हास बीटा (वेगवान इलेक्ट्रॉन) देतात, जास्तीत जास्त १.३ एमईव्हीचे (हे ऊर्जेचं एकक). ते खताच्या भुकटीत पाचसहा मिलीमीटरच्या आतच अडतात. ढिगाच्या आतले नळीपर्यंत येतच नाहीत. म्हणून:

– पातळ झिपच्या पिशवीत खत अर्धा सेंटीमीटर जाडीचं पसरा, हवा काढून बंद करा.
– ती पिशवी नळीभोवती पन्हळीसारखी वळवा, जितकी जवळ तितकी बरी.
– तशाच दुसऱ्या पिशवीत तेवढ्याच वजनाचा युरिया. त्यात पोटॅशियम नाही. तुलना याच्याशी करायची, रिकाम्या नळीशी नाही.
– दोन्ही २०-२० मिनिटं मोजा.

समजा युरियाला ४०० नोंदी आल्या आणि पोटॅशला ५६०. फरक १६०, फरकातली चूक ४०० + ५६० चं वर्गमूळ, म्हणजे ३१. फरक चुकीच्या पाचपट, म्हणजे शंका उरत नाही. हाच प्रयोग १ मिनिटाचा केला तर २० आणि २८ येतील आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

मग पिशवी आणि नळीच्या मध्ये ॲल्युमिनियमचे पत्रे एकेक करून सरकवा. २ मिलीमीटर जाडी झाली की बीटा संपतात आणि नोंदी जवळजवळ युरियाच्या पातळीला येतात. पत्र्यांनी पिशवी लांब जाते, तेवढ्याने आकडा घटतो, म्हणून सुरुवातीपासून अंतर तेच ठेवा. उरलेल्या ११ टक्के ऱ्हासांतून १.४६ एमईव्हीचा गॅमा (क्ष-किरणांसारखा, पण केंद्रकातून येणारा किरण) निघतो, पण ही नळी गॅमाला फार आंधळी.

लाल पोटॅश जास्त किरणोत्सारी आणि पांढरं कमी, असं कुणीतरी म्हणेलच. तो लाल रंग लोहाचा आहे. आणि पावसाळ्यात पिशवी उघडी ठेवू नका. दोन्ही खतांना पाणी सुटतं, युरियाला जास्त.

खारावारा

नळीबद्दल थोडं, कारण किनाऱ्यावर पहिली बोंब तिथूनच उठते.

एसबीएम-२० ला ४०० व्होल्ट लागतात, साधारण ३५० ते ४७५ च्या दरम्यान ती नीट चालते. हे व्होल्ट साध्या मल्टिमीटरने थेट मोजू नका. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम, आणि किटचा व्होल्टेज वाढवणारा भाग इतका दुबळा असतो की मीटर टेकवताच तो बसतो. पडदा २५० दाखवतो, माणूस स्क्रू फिरवून '४००' करतो, प्रत्यक्षात नळीवर त्याहून बरेच जास्त जातात. मग नळीत न थांबणारा स्राव सुरू होतो, नोंदी हजारांत जातात आणि नळी खराब होते. मीटरच्या टोकाला १ गिगाओहमचा रोधक लावा आणि वाचनाला १०१ ने गुणा. ४ व्होल्ट दिसले तर नळीवर ४०० च्या थोडे वर आहेत.

नळीच्या धन टोकाशी ५ मेगाओहमच्या आसपासचा रोधक असतोच. तो नळीच्या अगदी लगत हवा, लांब तारेच्या दुसऱ्या टोकाला नको.

आता खारी हवा. जूनपासून बोर्डावर मिठाचा ओलसर थर बसतो आणि ४०० व्होल्ट त्यावरून सरपटत गळतात. लक्षण: नोंदी एकदम दहा-वीसच्या घोसाने येतात, मग शांतता. खरे ऱ्हास असे घोसाने येत नाहीत. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुवा, उन्हात किंवा बल्बखाली पूर्ण सुकवा, उच्च व्होल्टेजच्या भागावर इन्सुलेशन वार्निशचे दोन हात द्या, आणि डबा सिलिका जेलच्या पुडीसकट बंद करा.

पॉवर बँक आहे ते चांगलंच. स्वस्त मोबाईल चार्जरवर चालवलं की चार्जरचा गोंगाटही नोंदीत धरला जातो. आणि पहिल्या सरीला लाईट जाणारच, प्रयोग मध्येच तुटायला नको. कुणाकडे काचेची नळी असेल, जे-३०५ सारखी, तर ती उन्हात ठेवू नका. उजेडानेही ती मोजत सुटते.

शेवटचं म्हणजे पडद्यावरच्या मायक्रोसिव्हर्टकडे (शरीराला मिळणाऱ्या किरणमात्रेचं एकक) दुर्लक्ष करा. किटचा प्रोग्राम नोंदींना एका ठरलेल्या आकड्याने गुणतो. तो गुणक कोबाल्ट किंवा सीझियमच्या गॅमासाठी काढलेला असतो. पोटॅशच्या बीटाला तो लावणं म्हणजे तराजूत लांबी मोजणं. वहीत फक्त मिनिटाला नोंदी लिहा.

वळीव

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा. अर्धायुष्य दाखवायला विकत काही घ्यायला नको, पाऊस पुरतो.

जमिनीतल्या युरेनियमपासून रेडॉन-२२२ वायू निघून हवेत येतो. पुढची साखळी अशी:

रेडॉन-२२२ (३.८ दिवस, अल्फा) → पोलोनियम-२१८ (३ मिनिटं, अल्फा) → शिसं-२१४ (२७ मिनिटं, बीटा) → बिस्मथ-२१४ (२० मिनिटं, बीटा) → पोलोनियम-२१४ (सेकंदाचा सहा हजारावा भाग, अल्फा) → शिसं-२१० (२२ वर्षं).

मुलांना फळ्यावर हीच लिहायला द्या. अल्फा (हेलियमचं केंद्रक) सुटला की वस्तुमानांक ४ ने आणि अणुअंक २ ने खाली, बीटा सुटला की वस्तुमानांक तोच आणि अणुअंक १ ने वर. ८६, ८४, ८२, ८३, ८४, ८२. शिशापासून बिस्मथ होतं तिथे निम्मी मुलं चुकतात, कारण 'ऱ्हास' म्हटलं की आकडा खालीच जाणार असं त्यांनी धरलेलं असतं.

रेडॉन वायू म्हणून निसटतो, पण त्याची लेकरं धातूंची. ती हवेतल्या धुळीला चिकटतात आणि पाऊस ती धुऊन खाली आणतो.

करायचं असं. स्वच्छ प्लॅस्टिकची ताडपत्री किंवा गुळगुळीत टेबल उघड्यावर ठेवा. पत्र्याचं छप्पर नको, त्यावर पालापाचोळा असतो. सर सुरू झाल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचं पाणी सगळ्यात कामाचं, नंतर हवाच धुतली गेलेली असते. एक टिश्यू पेपर घेऊन सुमारे चौरस मीटरभर भाग पुसा. कागदाचा बोळा करू नका, दोन पदरी सपाट घडी घाला, पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा म्हणजे नळी ओली होणार नाही, आणि नळीला टेकवा. दर पाच मिनिटांच्या नोंदी, सलग दोन तास. पुसल्यापासून मोजायला लागेपर्यंत दहा मिनिटं गेली तर बराच माल हातचा गेला.

बादलीभर पावसाचं पाणी धरून त्यावर नळी ठेवू नका. पाणीच बीटा अडवतं. आटवायला बसलात तर आटेपर्यंत ऱ्हास होऊन गेलेला असतो.

समजा नुसत्या नळीचे मिनिटाला २०, आणि कागदाचे सुरुवातीला १४०. ३५ मिनिटांनी ८०, ७० मिनिटांनी ५०, १०५ मिनिटांनी ३५. जसंच्या तसं बघितलं तर निम्मं व्हायला वेळ वाढत चाललाय असं वाटतं. प्रत्येकातून आधी २० वजा करा: १२०, ६०, ३०, १५. आता दर ३५ मिनिटांनी चोख निम्मे. सगळ्यात जास्त वेळा इथेच चुकतं.

हे ३५ मिनिटं कुठल्याही एका समस्थानिकाचं अर्धायुष्य नाही हेही सांगा. शिसं घटतंय, त्यातून बिस्मथ भरतंय आणि तेही घटतंय. त्यामुळे सुरुवातीला उतार सौम्य, उशिरा तो २७ मिनिटांकडे झुकतो.

बांगडा

मग जुलैत करूया की, पावसाला काय तोटा?

वळीव

तिथेच कोकणची गोम आहे. रेडॉन जमिनीतून येतो, समुद्रातून नगण्य. जुलैचा वारा कित्येक दिवस अरबी समुद्रावरून येतो आणि वाटेत दर ३.८ दिवसांनी रेडॉन निम्मा होतो. इकडे जमीन पाण्याने तुंबलेली, मातीची भोकं बंद, नवा रेडॉन बाहेर यायला वाट नाही. त्यात सतत पाऊस, हवा कायम धुतलेली. पाऊस धो धो, कागदावर मात्र जेमतेम काही.

वळवाचा पाऊस, म्हणजे मेअखेरचा किंवा ऑक्टोबरचा, दुपारी सह्याद्रीकडून ढग चढतात तो. जमिनीवरची हवा, आधी आठ-दहा दिवस कोरडे. तो धरा. आणि जमलं तर जुलैचा कागदही मोजून ठेवा. दोन आलेख शेजारी लावले तर वारा कुठून आला हे मुलांना अणूंच्या नोंदीत वाचता येतं, आणि कोकणातल्या शाळेला हे फुकट मिळतंय.

तुलनेसाठी एक कागद साध्या पाण्याने पुसलेला हवा. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी नको, त्यातही रेडॉन असू शकतो. पाणी खळखळून उकळा म्हणजे वायू जाईल, आणि चार तास ठेवा म्हणजे त्याची लेकरंही संपतील.

जांभाचिरा

चौथा प्रश्न, काळी वाळू. रत्नागिरीत 'काळा समुद्र' म्हणतात त्या किनाऱ्याची वाळू मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट, ती आली काळ्या बेसाल्टातून. बेसाल्टात युरेनियम-थोरियम मुळात कमी. केरळच्या चवऱ्याची वाळू किरणोत्सारी आहे ती मोनाझाइटमुळे, ज्यात थोरियम असतं, आणि ते आलंय तिकडच्या जुन्या ग्रॅनाइटी खडकांतून. 'काळी म्हणजे किरणोत्सारी' हे समीकरण खोटं. मोनाझाइटचे दाणे मुळी पिवळसर-तपकिरी असतात. जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवा, मॅग्नेटाइट लगेच मिशांसारखं चिकटेल. प्रयोग म्हणून तेवढं छान आहे. काउंटरला मात्र तिच्याकडून फारसं मिळणार नाही.

जांभ्याचंही विचारणारे येतील. बेसाल्ट कुजताना सिलिका वाहून जाते, लोह-ॲल्युमिनियम उरतं आणि थोरियमही मागे राहतं, त्यामुळे प्रमाण थोडं वाढतं. पण मूळ खडकच गरीब. शिवाय कौलारू छप्पर, पडवी, दिवसभर उघडी दारं, अशा घरात रेडॉन साठायला कोंडवाडाच मिळत नाही. तुमच्या सिंधुदुर्गात, विशेषतः कुडाळ-सावंतवाडीकडे, खडक वेगळे आहेत, जुने ग्रॅनाइटी. म्हणून रत्नागिरीच्या शाळेशी आकडे जुळवताना फरक दिसला तर दचकू नका.

बांगडा

आमच्या खात्यातलं एक. मासे आणि तिसऱ्या-कालवांत नैसर्गिक पोलोनियम-२१० असतं, शिंपल्यांत जास्त. अर्धायुष्य १३८ दिवस. पण ते अल्फा देतं, आणि अल्फा एसबीएम-२० च्या पोलादी भिंतीतून आत जात नाही, तेव्हा काउंटरपुढे बांगडा धरण्यात अर्थ नाही. फक्त विचार करायला द्या: खारवून ठेवलेल्या बांगड्यातलं पोलोनियम साडेचार महिन्यांनी जवळपास निम्मं, पोटॅशियम-४० मात्र तेवढंच. का?

गजालीकर

दोन अर्धायुष्यांत सगळं संपतं ना? अर्धं आणि अर्धं म्हणजे एक.

जांभाचिरा

नाही. उरलेल्याचं अर्धं. दोनांनंतर पाव उरतं, दहांनंतर हजारातला एक.

गॅसबत्ती

दशावताराला पूर्वी लागायच्या त्या बत्तीचं मॅन्टल (ज्योतीवरची जाळी) चालेल का? त्यात थोरियम असायचं.

खारावारा

काउंटर जोरात वाजेल, पण शाळेत आणू नका. जळलेलं मॅन्टल म्हणजे नुसती राख, बोट लागताच भुकटी, आणि अल्फा देणारी धूळ श्वासात जाणं हाच खरा धोका. बाहेरून कातडीही जो अल्फा अडवते तो फुप्फुसात गेल्यावर कोण अडवणार? माळ्यावर जुनं न उघडलेलं पाकीट सापडलं तर उघडूही नका. पूर्वी बोटींवर असायची तसली चमकणारी रेडियमची घड्याळं, धूर ओळखणारे जुने डबे, यांनाही तोच नियम. भंगारात तीन पाती असलेलं पिवळं-काळं चिन्ह दिसलं तर हात न लावता लांब व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं.

मॅन्टलची एक गंमत मात्र सांगण्यासारखी. ताज्या मॅन्टलपेक्षा जुनं जास्त वाजू शकतं. थोरियम शुद्ध करताना साखळीतलं रेडियम-२२८ (५.७५ वर्षं) बाहेर काढलं जातं, पण थोरियम-२२८ (१.९ वर्षं) रसायनाला वेगळं ओळखू येत नाही म्हणून राहतं. पहिली चार-पाच वर्षं ते घटतं, मग नवं रेडियम तयार होऊन साखळी पुन्हा भरते. घटणं म्हणजे नेहमी घटणंच नव्हे.

पायरी

अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला कोबाल्ट-६० चे गॅमा देतात, तर आंबा किरणोत्सारी होतो का, हा प्रश्न वर्गात येणारच. नाही होत. हे गॅमा १.१७ आणि १.३३ एमईव्हीचे. आंब्यातल्या कार्बन-ऑक्सिजनच्या केंद्रकातून काही उखडायला याच्या कितीतरी पट ऊर्जा लागते. उजेडात ठेवलेला आंबा अंधारात चमकत नाही, तसंच. लासलगावच्या केंद्रातून २००७ पासून आंबा गेला, किडीसाठी मात्रा किमान ४०० ग्रे (शोषलेल्या किरणमात्रेचं एकक). कोबाल्टचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे स्रोत महिन्याला सुमारे १ टक्का मंदावतो, आणि तेवढा वेळ पेट्या जास्त आत ठेवाव्या लागतात. गणिताच्या तासाला हे उदाहरण द्या.

सुरंगी

भरपूर झालं, सगळ्यांचे आभार. पोटॅश-युरिया या आठवड्यात. एक अडचण: पावसाच्या आलेखासाठी लॉग कागद इथे मिळत नाही.

वळीव

स्प्रेडशीटमध्ये उभा अक्ष लॉग करा. २० वजा केल्यावरचेच आकडे घाला, आणि वजाबाकी दहाच्या खाली गेली की ते बिंदू सोडून द्या, तिथे नुसती चूकच नाचते.

काजूबोंड

आणि पाऊस तुमच्या टायमटेबलान पडाचो नाय.

वळीव

खरंय. म्हणून पर्याय हाताशी ठेवा. तळमजल्याची एक खोली रात्रभर बंद ठेवा. सकाळी व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडाला एन-९५ मास्कचा एक तुकडा रबराने बांधा आणि त्याच बंद खोलीत अर्धा तास चालवा. मोटरचा आवाज चढला तर हवा कोंडतेय. तिला थंड ठेवणारी हवा तीच असते, तेव्हा दर दहा मिनिटांनी बंद करून गार होऊ द्या. मग तुकडा काढा, हवा लागलेली बाजू नळीकडे करा आणि पावसाच्या कागदासारखंच दर पाच मिनिटांनी मोजा. फुगा घासून टांगायची युक्ती कुठेतरी वाचाल, पण आपल्या दमट हवेत फुग्याचा विद्युतभार टिकत नाही. ती डिसेंबर-जानेवारीत, सकाळची थंडी कोरडी असेल तेव्हा करून बघा.